पाव डबा पुरला असता

सोमवार, ४ नोव्हेंबर १९९१
नाही, मी टाळत नव्हतो, आणि तू नुसती वही आहेस, तू गप्प बस. डबा आजच मिळाला. पितळी, चपटा, मैदानातल्या धावण्याच्या ट्रॅकसारखा: दोन बाजू सरळ, दोन टोकं गोल. यात गोटी सोडली तर ती वेड्यासारखी भरकटते. थिअरी म्हणते, गोटीऐवजी मायक्रोवेव्ह सोडल्या तर तेच वेड सुरांत दिसतं: डबा ज्या सुरांना घुमतो, ते शेजारी-शेजारी चिकटत नाहीत, अंतर राखून बसतात. शुक्रवारी सेमिनारमध्ये हे दाखवलं तर पीएचडीला आणखी एक वर्ष मिळेल. नाहीतर, प्रोफेसर ओस्टरमायरबाई म्हणाल्या, फुल्डाला तुमच्या वडिलांचं टाइल्सचं दुकान चांगलं चालतं ना.

वर्कशॉपचे आखेनबाख म्हणाले, कडेला एक पोचा राहिलाय, राहू द्या. म्हटलं, मुळीच नाही. डावं-उजवं, वर-खाली तंतोतंत सारखं हवं. घासून देतो डॉक्टरसाहेब, म्हणाले. अजून झालो नाही, पण ऐकायला बरं वाटलं.

मंगळवार
मोजणार होतो. पेन्सिलींना टोकं काढली. कॅन्टीनला मसुराचं सूप होतं. त्यानंतर काम होत नाही, कुणालाही विचारा.

बुधवार, दुपारी ४
२१२ सूर मोजले. कसलं अंतर! एकमेकांच्या मांडीवर बसलेत. आधी घाम फुटला. मग लक्षात आलं, थिअरीच चुकलीय. आणि ते आधी मला दिसलं.
शेजारच्या टेबलावरच्या झिल्केला सांगितलं. तिनं विचारलं, डबा अख्खा घेतलास? म्हटलं, अर्धवट कामं मी करत नाही. मग केक कुठला आणतोयस, म्हणाली. आमच्याकडे चूक करणाऱ्यानं केक आणायचा असतो. जळते.

गुरुवार
भाषण लिहिलं. पहिली ओळ: 'मित्रहो, थिअरीला निरोप द्या.' आरशासमोर दोनदा म्हटली. निरोपावर थांबायचं.

शुक्रवार, सकाळी १०
डबा पॉलिशला दिला होता, तो आणायला वर्कशॉपात गेलो. आखेनबाखांना निकाल सांगितला. त्यांनी खडूनं डब्यावर मधोमध एक उभी रेघ मारली, एक आडवी. म्हणाले, चार तुकडे हुबेहूब, म्हणून सुरांचीही चार घरं. घरातले एकमेकांना जागा देतात, परक्याची फिकीर कोण करतो? तुम्ही चारही घरं एकाच बाकावर मोजलीत. पाव डबा पुरला असता. झिल्केचा मीच कापला होता. आणि तो पोचा मी दोन तास घासला. राहिला असता तर घराघरांत थोडी ओळख तरी झाली असती.
मग हात पुसून पुढे केला. आता अहो-जाहो पुरे, म्हणाले, मला एर्विन म्हण.
तीन वर्षं या वाक्याची वाट बघत होतो. प्रसंग वेगळा ठरवला होता.

११.१०
बेकरीत खसखशीचा केक तेवढा उरला होता. सेमिनारच्या टेबलावर ठेवून त्याचे चार तुकडे केले, अगदी सारखे. माणसं चौदा. ओस्टरमायरबाईंनी चष्मा वर सरकवला. त्या तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, एक मिनिट, सुरी आणतो, आणि निघालो.
बसस्टॉपवर आहे. सुरी खिशातच आहे. फुल्डाची बस अकरा वीसला.