राखलेला खांब

आईस बासूचा सलाम. तुझ्या दुव्याने आम्ही दोघे भाऊ सुखरूप आहोत. यिदिरचा खोकला गेला. तू दिलेले खजूर चहाबरोबर पुरवून खातो. तुझा गुडघा कसा आहे? शेळी व्याली का?

खाणीची काळजी करू नकोस. बाबांनी खोदताना मध्ये न फोडता राखलेल्या दगडी खांबावर छत अजून भक्कम आहे.

झालंय एवढंच, की सकाळी यिदिरला त्याच खांबात किडा दिसला. समुद्रातला, दगड झालेला, शिंगांसकट अख्खा. एरफूदच्या बाजारातले व्यापारी असल्या किड्यासाठी एकमेकांच्या उरावर बसतात. तेव्हापासून पोरगा छिन्नी खाली ठेवत नाही.

मी म्हटलं, "खांबाला हात लावायचा नसतो, अरे!"

"कडेचा टवका तर काढतोय, दादा. तू म्हातारा झालास!"

"छत अंगावर घेशील."

"मग तू बाहेर जाऊन बस."

बाहेर गेलो नाही. कंदील घेतला, खांबालाच पाठ लावून बसलो आणि तुला पत्र लिहायला घेतलं. तो समोर हातोडा घेऊन उभा आहे. मी इथे असेपर्यंत घाव घालायची त्याची छाती नाही. वरून मघापासून बारीक माती गळते आहे. कागद झटकून झटकून लिहितो.

पत्राखाली सही केली की मला उठावं लागेल. म्हणून विचारतो, आई, कोंबड्या अंडी देतात का? कोणती किती देते, सगळं सांग. आणि मागच्या दाराची कडी...