सतरा विहिरींची वही

आबा, परवा भूमची एक मुलगी परदेशातल्या विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज दाखवायला घेऊन आली. अशी पोरं येतात माझ्याकडं, वर्षाकाठी चार-दोन. पहिल्याच ओळीत तिनं लिहिलं होतं, मी दुष्काळी भागातल्या गरीब घरातली आहे. ते वाचलं आणि मला तुम्ही दिसलात, चुलीपुढं बसलेले, भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून माझ्याकडं बघणारे.

बहात्तरच्या दुष्काळात मी नववीत होतो. तुम्ही लोकांच्या विहिरी खोदायचात आणि मला विहिरीत उतरायची भीती वाटायची. तुम्ही रागावला नाहीत. काठावर उभं केलंत, हाताहातावर गाठी मारलेला, टोकाला दगड बांधलेला दोर दिलात आणि म्हणालात, पाणी किती खाली गेलंय ते वरनंच सांग. मी ते वहीत लिहायला लागलो. मग तो नादच लागला. बाजाराच्या दिवशी, शाळेत चालीवर शिकवलेल्या कविता म्हणत मी सतरा विहिरी फिरायचो. आता डोळे मिटले तरी त्या दिसतात. एकीत पारवे घुमायचे, एकीच्या तळाशी आभाळाचा रुपयाएवढा तुकडा. दुष्काळ सरला, गावोगाव सोसायट्या निघाल्या, मोटा जाऊन इंजिनं आली, तरी माझा दोर सुटला नाही. बी.एस्सी. होईपर्यंत सहा वह्या भरल्या.

धाराशिवच्या वाचनालयात एका शिळ्या इंग्रजी पेपरात जाहिरात दिसली. जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करायला इंग्लंडात शिष्यवृत्ती. कॉलेजातल्या सरांनी शहाणपण शिकवलं: एकाच दारात बसू नको, पाच विद्यापीठांना लिही, वर्षभर आधी लिही, फी माफ करणारे भेटतात, पण जायचं भाडं आणि राहणं-खाणं कोण देणार ते पहिल्याच पत्रात विचार. पाचांतल्या दोघांची उत्तरं आली. सगळं देणारं एकच होतं. त्यांच्या फॉर्मबरोबर एक पान लिहायचं होतं, मलाच का निवडावं. मी आठ दिवस खपून ते लिहिलं. भेगाळलेली भुई, आईच्या डोळ्यांतलं पाणी, पाठ असलेल्या सगळ्या कवितांचा रस त्यात पिळला.

संध्याकाळी चुलीपुढं मी ते मराठीतून वाचून दाखवतो आहे. आई भाकरी थापता थापता म्हणते, हिरीत उतराया भेतंय अन् निघालंय इलायतेला. तुम्ही हसत नाही. घास तसाच हातात.

"ह्ये कुणाला लिव्हलंस? तहसीलदाराला?"

"न्हाय आबा, विद्यापीठाला."

"मग दुष्काळी कामाचा अर्ज कशाला लिव्हलास? त्येंनी तुला काय येतंय ते इचारलंय. तू आपल्याकडं काय न्हाय तेच सांगायलास."

मी म्हटलं, आपलंच कौतुक आपण कसं लिहायचं? मला ते खरंच ओशाळवाणं वाटत होतं. त्या वर्षांत आम्हाला अर्जाची एकच तऱ्हा माहीत होती: हात जोडायचे, हाल सांगायचे, कृपा मागायची.

"कौतुक नगं लिवू," तुम्ही म्हणालात. "पाणी किती हुतं ते लिव. कुणी मोजलं ते लिव."

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ऑफिसातल्या टाइपरायटरवर मी नवं पान काढलं. सतरा विहिरी, सहा वह्या, कुठल्या महिन्यात पाणी किती हात खाली, शेजारच्या पाझर तलावानं कुठल्या तीन विहिरींना जीव दिला. सरांनी शिफारसपत्रात वह्या स्वतः पाहिल्याचं लिहिलं. तळाला मी टीप दिली: एक हात म्हणजे एकोणीस इंच, माझ्या वडिलांच्या हातावर मोजून.

आणि निवड झाली, आबा. तिथले म्हातारे प्राध्यापक पहिल्याच दिवशी ते पान घेऊन आले. बाकीच्यांनी स्वप्नं लिहिली होती म्हणाले, तुम्ही मोजमापं पाठवलीत. मग त्या टिपेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे गृहस्थ कोण? मी कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माझा हात दाखवला आणि म्हणालो, यापेक्षा थोडा लांब. त्या दिवसाइतकी ताठ मान माझी पुन्हा कधी झाली नाही.

भूमच्या मुलीलाही मी तेच सांगितलं. तिनं शाळेच्या आवारात लावलेल्या झाडांची नोंद चार वर्षं ठेवली आहे आणि अर्जात त्या नोंदीचा शब्दही नव्हता. आता ती पान नव्यानं लिहिते आहे. मिळेल तिला, असं मन म्हणतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहितो. फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायाचा रकाना होता. तिथं मी शेती लिहिलं. आपली शेती कुठं होती, आबा? दुसऱ्यांच्या विहिरी खोदतात, असं लिहायची मला लाज वाटली. पाठवण्याआधी सगळा अर्ज तुम्हाला वाचून दाखवला, तेव्हा तेवढा रकाना गाळला. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत आणि म्हणालात, "आता समदं खरं हाय."