आवाज बंद ठेवून घेतलेलं प्रमाणपत्र

३ फेब्रुवारी २०२६, मंगळवार

परवा इथे लिहिलं, ‘नवजात बाळाच्या श्वासाचं ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण केलं.’ ते चूक आहे. पूर्ण झाले ते व्हिडिओ. फोन ओट्यावर, आवाज बंद, मी पोळ्या लाटत होते. ‘पुढे’ आलं की पिठाच्या बोटाने दाबायचं. शेवटच्या परीक्षेची उत्तरं वॉर्डच्या ग्रुपवर आली होती, ती भरली. सगळ्याच नर्स असंच करतात. पण मी ‘केलं’ असं लिहायला नको होतं.

आता खरंच शिकायचं. रोज अर्धा तास, पहाटे पाचला.

४ फेब्रुवारी

पाचला नळाला पाणी आलं. भरण्यात साडेसहा.

९ फेब्रुवारी, सोमवार

पहाट सोडली. ड्युटी संपल्यावर सरावाच्या बाहुलीवर हात बसवू म्हटलं, तर कपाटाची किल्ली मेट्रनबाईंकडे, मेट्रनबाई मीटिंगला. घरी सासूबाई – “नोकरी लागून तीन वर्षं झाली. अजून कसला अभ्यास बाई?” नवरा, ललित, म्हणाला, रविवारी कर की. रविवारी त्याच्याच मावसबहिणीचा साखरपुडा आहे, नांदगावला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार



सकाळी बाळ झालं आणि रडलं नाही. निळसर, ढिलं. आमच्या ज्येष्ठ लताबाई सिस्टर बाळाच्या आईकडे बघत होत्या, बाळ माझ्या हातात. पहिल्या मिनिटात पुसायचं, पाठ चोळायची, तरी श्वास नाही तर मास्क लावून हवा द्यायची. हे मला माहीत आहे! आणि मी काय केलं? बाळ पायांना धरून उलटं केलं, तळव्यांवर चापट्या मारल्या. आत्या करायची तसं.

बाळंतपण मला आधी आत्याने शिकवलं. भागुबाई, कळवणकडची सुईण. नर्सिंगला जाण्याआधी तिच्याबरोबर अकरा बाळंतपणं पाहिली होती.

लताबाईंनी बाळ ओढून घेतलं. मास्क, हवेची पिशवी, पाच-सात दाब. रडलं.

मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

१३ फेब्रुवारी

चहाच्या वेळी लताबाई हळूच म्हणाल्या, “तुझी आत्या चांगली असेल गं. पण घाबरलीस की तुझे हात तिचंच ऐकतात.” मग, “प्रशिक्षण झालंय ना तुझं?”

मी हो म्हणाले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

नोटीस लागली. लताबाई अठ्ठावीसला निवृत्त. एक मार्चपासून प्रसूतिगृहात बाळाची जबाबदारी माझी, कारण ‘प्रशिक्षित’ मी. माझ्या पाठीमागे कोणी नसेल. सासूबाईंनी शेजारी पेढे दिले.

१९ फेब्रुवारी

जेवताना नवीन आलेली पल्लवी कुरकुरत होती. “ताई, तुमची सुटका झाली. माझं प्रमाणपत्र नाही ना, दर गुरुवारी ड्युटीतच दोन तास बाहुलीपुढे बसवतात. मान दुखते नुसती.”

डबा तसाच बंद केला. मी पंधरा दिवस अर्धा तास शोधतेय.

२० फेब्रुवारी

मेट्रनबाई रजेवर आहेत. सोमवारी येतील. सोमवार, २३ फेब्रुवारी, सकाळी साडेसात, ड्युटी लागायच्या आधी. माझं प्रमाणपत्र खोटं आहे हे सांगायचं, आणि गुरुवारच्या यादीत पल्लवीच्या खाली माझं नाव लिहायला लावायचं.