घरी जायचा कागद

प्रिय तपू,

हे पत्र मल्लिका तुझ्या हातात देईल. तिला यातलं काही ठाऊक नाही, तेव्हा बायको म्हणून तिच्यावर डाफरू नकोस. चहा घे, बाहेरच्या बाकावर बस आणि सावकाश वाच. तुझ्यापासून दहा पावलांवर राहून तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

आधी खुशाली सांगते. जखम आता पुरती कोरडी झाली आहे. पोटावरची शौचाची पिशवी मी दहा मिनिटांत बदलते, आरसासुद्धा लागत नाही. शाळेत खुर्चीवर बसून शिकवते. पोरांना वाटतं, बाई म्हाताऱ्या झाल्या. परवा मासा खाल्ला, पातळ रश्श्यातला, आणि काही त्रास झाला नाही.

दक्षिणेतल्या त्या हॉस्पिटलात तू माझ्यासाठी काय काय केलंस, ते मी विसरलेले नाही. आतड्याचा हातभर तुकडा काढला त्या दिवशी तू पाण्याचा थेंबही घेतला नव्हतास. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मला ते खुणांनी सांगितलं होतं. तिची भाषा मला येत नव्हती, पण तिनं तुझ्याकडे बोट दाखवून ओठांवर हात फिरवला आणि नकारार्थी मान हलवली, तेव्हा मला रडू आलं होतं. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. मी तुला कडेवर घेऊन शाळेत जायची. मनात म्हटलं, फेडलंस रे बाबा.

मग सातव्या दिवशी नर्सनं तुला पिशवी बदलायला शिकवली. तू सगळं नीट बघितलंस, मान डोलावलीस आणि बाहेर गेलास. तुझ्या ओकाऱ्या मला भिंतीपलीकडून ऐकू आल्या. तू परत आलास तेव्हा मी म्हटलं, “तपू, मला शिकू दे. माझं मी करीन.” तू म्हणालास, “छे गं, सांबार खाऊन पोट बिघडलंय माझं.” दोघंही हसलो. दोघांनाही खरं काय ते माहीत होतं.

नवव्या दिवशी तू हसत हसत आलास. “दीदी, डॉक्टरांनी सोडलं! गुरुवारची गाडी आहे. इथं सही कर, घरी जायचा कागद आहे.” कागद इंग्रजीत होता. मी विचारलं, “इतक्यात? तो दाढीवाला डॉक्टर तर बोटांवर काहीतरी चार-चार मोजून दाखवत होता.” तू म्हणालास, “चार दिवसांनी आंघोळ कर, असं सांगत होता.” तू दाखवलंस तिथं मी बांगला अक्षरांत नाव लिहिलं. तू सांगितलंस आणि मी ऐकलं, एवढंच.

गाडीचा पहिला दिवस कसाबसा गेला. खालचं बाक मिळालं नव्हतं, मधल्या बाकावर चढताना टाके ताणले गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी, ओडिशा मागं पडल्यावर, अंगात ताप भरला आणि पिशवी कडेनं सुटली. डब्यात वास पसरला. समोरचा माणूस नाकाला रुमाल लावून म्हणाला, “अशा पेशंटला आणतातच कशाला गाडीत?” मी तुझ्याकडे बघितलं. तू उठलास आणि म्हणालास, “फोन लागत नाहीये, दारापाशी जाऊन येतो.” दीड तास आला नाहीस.

त्या दीड तासात मला कुणी धुतलं, ते तू कधी विचारलं नाहीस. आसामातल्या धुबडीची हसना बानू. तीही तिथूनच नवऱ्याला घेऊन परत चालली होती. तिनं सगळ्यांच्या देखत चादरीचा आडोसा धरला आणि समोरच्याला म्हणाली, “नाक कशाला दाबतोस? तुझ्या पोटात काय अत्तर भरलंय?” नवऱ्यासाठी जवळ ठेवलेली नवी पिशवी मला लावली. मग तिनं विचारलं, “कितवा दिवस आहे, दीदी?” मी म्हटलं, “अकरावा.” तिचा चेहराच उतरला. तिचा नवरा माजिद महिना पुरा काढून निघाला होता. त्यानं माझे कागद मागितले आणि वाचून दाखवले. महिनाभर लांबचा प्रवास करू नये, हॉस्पिटलजवळच राहावं, असं समजावूनही पेशंट घरी जाण्याचा हट्ट धरत आहे आणि आपल्या जबाबदारीवर जात आहे. खाली माझं नाव. माझ्याच अक्षरात.

तू परत आलास तेव्हा तुझ्या हातात कुरमुऱ्यांचा, आपल्या मुडीचा पुडा होता. “खाशील थोडी?” म्हणालास.

मालद्याला मला गाडीतून उतरवलं. टाके उसवले होते, आत पू झाला होता. बावीस दिवस तिथल्या हॉस्पिटलात काढले. तू पायाशी बसून रडायचास. मला वाटायचं, आज सांगेल, उद्या सांगेल. घरी आल्यावर सगळा गाव भेटायला आला आणि जो तो मलाच बोलू लागला. “किती हट्टी गं तू, पारुलदी! बिचारा तपू पाया पडत होता म्हणे, राहा म्हणून. तूच ऐकलं नाहीस!” मी तुझ्याकडे बघितलं. तू खाली मान घालून सुपारी कातरत होतास.

सहा महिने मी हट्टी बाई म्हणून ऐकून घेतलं. गाडीतलं दुखणं मी विसरेन, तपू. ओकारी आली म्हणून माणूस वाईट होत नाही. त्या दिवशी “दीदी, मला हे बघवत नाही” असं म्हणाला असतास, तर मी स्वतः तुला गाडीत बसवून दिलं असतं आणि तिथं एकटी राहिले असते. पण तू माझ्याच हातानं माझ्यावर खोटं लिहून घेतलंस आणि मग गावभर ते वाचून दाखवलंस. ते जात नाही मनातून.

तरीही मी गप्पच राहिले असते. पण काल खगेनची बायको साबित्री आली होती. तिच्या आतड्यातही गाठ निघाली आहे. धाकटं पोर अजून अंगावर पितं. ती सांगत होती, “तपूदा आम्हाला घेऊन जाणार आहेत. म्हणाले, घाबरू नकोस, पंधरा दिवसांत घरी आणून सोडतो. पारुलदीला नाही का दहाव्या दिवशी गाडीत बसवलं?” हे तू बढाई म्हणून सांगतोस! मी खगेनला बोलावून घेतलं आणि दोघांना सगळं सांगितलं. पोटावरची जखमही दाखवली. तुझं तिकीट रद्द झालं आहे. माझंही आतडं पुन्हा जोडायची वेळ आलीच आहे, म्हणून त्यांच्याबरोबर मीच चालले आहे. तू हे वाचशील तेव्हा आमची गाडी सुटलेली असेल. दोन महिने लागोत की तीन, डॉक्टर नीघ म्हणेपर्यंत साबित्रीला मी तिथून हलू देणार नाही. मी परत येईन तेव्हा मला काही सांगू नकोस. मला सांगायची वेळ गेली. सांगायचंच असेल, तर मी यायच्या आत गावाला खरं सांग.

अजून तुझीच,
पारुलदीदी