तिरक्या भिंतीपुढची जागा

बाबा, उद्या अकरा वाजता कचेरीत मला तुमच्या तिरक्या भिंतीपुढच्या जागेसाठी सही करायची आहे आणि माझ्यापुढं दोन कागद पडलेत. एक बिल्डरचा. शेजारच्या काकूंचं घर त्यानं घेतलंय, तिथं पाच मजले उठणार, आणि गाड्या आत घ्यायला आपल्या बोळाच्या तोंडाशी जो तिकोनी तुकडा आहे तो त्याला विकत पाहिजे. दुसरा कागद गल्लीचा. त्यात लिहिलंय की घर बांधताना ही जागा तुम्ही लोकांसाठी सोडली, ती कायम मोकळी राहील. कागदोपत्री तुकडा आपला, म्हणजे आई गेल्यापासून माझा. मी परवा लातूरहून आले. तुमच्याच घरात, तुमच्याच कॉटवर बसून लिहून राहिले, आणि खरं सांगते, मला काही सुधरेना.

गल्ली तुम्ही ओळखणार नाहीत. स्टेशनवर ऑटोवाल्याला मी वखारीजवळ म्हणाले, तर तो मागं वळून बघत म्हणाला, "ताई, वखार कुठली? क्लासच्या बिल्डिंगपाशी सोडतो." वखारीच्या जागेवर आता खाली क्लास, वर पोरींचं हॉस्टेल. तुम्ही बांधलेल्या घरांतली दोनच उरलीत, त्यातलं एक आपलं. विहाराला फरशी झाली, दाराला कॅमेरा आला. वरच्या मजल्यांवर कोण राहतं ते खालच्यांना ठाऊक नसतं. पण बोळाचं तोंड आहे तसंच आहे. तोच माठ, नवा असेल, पण जागा तीच. सकाळी बाया मेथी निवडतात, उन्हाळ्यात कुरडया वाळतात, जयंतीला भाताची डेग तिथंच चढते. काल दोन हॉस्टेलच्या पोरी भिंतीला टेकून घरी फोन करत होत्या. "हाव मम्मी, जेवले," असं म्हणत एकीचे डोळे भरले होते. या पोरी कुठल्या गावच्या, कुणाच्या, देव जाणे, पण रडायला त्यांना तीच जागा सापडली.

आता भिंतीचं. अख्ख्या नांदेडात गवंडी म्हणून तुमच्या ओळंब्याची लोकं शपथ घ्यायची, आणि आपलीच भिंत तिरकी. कॉट कधी भिंतीला नीट लागली नाही. आई जन्मभर म्हणत राहिली, "गवंड्याचं घर, आन् कोपऱ्यात सूप मावंना." पानाच्या दुकानावरची माणसं तुम्हाला चिडवायची आणि तुम्ही हसून तंबाखू मळायचात. या सगळ्या वर्षांत मी एकदाही तोंड उघडलं नाही.

मी तेव्हा बीएच्या शेवटच्या वर्षाला होते. बिगारी आला नव्हता आणि माझी दुपारी टायपिंगची परीक्षा होती. तुम्ही दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलंत आणि बोळाकडच्या खुणेवर खुंटी ठोकायला सांगितलंत. तुम्ही पलीकडं, पाठमोरे. मी हातोडा मारते आणि खुंटी बसत नाही, खाली दगड आहे. चार घाव, सहा घाव, तळहात लाल. मग मी ती उपटली आणि दोन हात आत, आपल्या बाजूला, मऊ मातीत ठोकली. इतक्यानं काय होतंय, असं वाटलं. "झालं का गं?" तुम्ही विचारलंत. "झालं," मी म्हणाले. तुम्ही दोरीवरून चुन्याची फक्की टाकत गेलात, पांढरी रेघ उमटली, आणि मी परीक्षेला पळाले.

दोन थर चढल्यावर तुम्ही कोपऱ्याला काटकोन बघायचा गुण्या लावलात तेव्हा मी चहा घेऊन उभी होते. गुण्याच्या आणि विटेच्या मधून उजेड दिसत होता. मला दिसला, म्हणजे तुम्हाला दिसलाच. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात, बाहीनं गुण्या पुसलात, पिशवीत टाकलात. "बराबर हाय," म्हणालात. दुसऱ्याच्या घरी बोटभर चूक झाली तर भिंत पाडायला लावणारा माणूस, आणि त्या दिवशी बराबर. तुम्ही जुनी खूण शोधलीत का? दगडावरचे माझे घाव बघितलेत का? का दुसरीकडचा रोजगार बुडायला नको म्हणून सोडून दिलंत? मी कधी विचारलं नाही. भीती वाटायची.

आज दुपारी काकूंकडं गेले. लेकाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून असतात, गळ्यात इष्टलिंग, मांडीवर रिकामं सूप. त्या म्हणाल्या, "तुझ्या बापाला मी तवाच इचारलं, भाऊ, भिंत आशी का वो? तर म्हणला, वैनी, बायांला बसाया जागा ठिवली." मी म्हटलं, "खरंच असं म्हणाले?" काकू चिडल्या. "मग काय मी खोटं बोलून राहिले? माझ्या दोन्ही लेकी सासरी जाताना तिथंच रडल्या. तू इकणार हायस का?" मी उठून चपला घातल्या. लातूरला पोराचा संसार दोन खोल्यांत अडकलाय, त्या पैशानं त्याचं घर होईल. आणि जागा नुसत्या खुंटीच्या चुकीनं सुटली असेल तर मी कुणाचं काय देणं लागते? पण तुम्ही काकूंना जे सांगितलंत ते माझी चूक झाकायला सांगितलंत, का चूक दिसल्यावर तुम्हाला खरोखरच तसं वाटलं, यावर मी संध्याकाळपासून डोकं फोडतेय. दोन्हींत तुम्ही माझ्यापेक्षा मोठेच निघता, आणि त्याचाच मला राग येतो.

मघाशी दोन्ही कागद पुन्हा वाचले. बिल्डरचा घडी घालून परत पिशवीत ठेवला. पोराला काय सांगायचं ते ठरलेलं नाही. गल्लीच्या कागदावर लिहिलंय, जागा माझ्या वडिलांनी सोडली. 'वडिलांनी'च्या पुढं मी पेनानं 'आणि मी' असं घातलं. उद्या कचेरीत साहेब विचारतील, बाई, तुमचा यात काय संबंध? तिथं काही सांगायची हिंमत होणार नाही. म्हणून तुम्हाला सांगते, बाबा. दगड फार मोठा नव्हता. अजून दोन घाव मारले असते तर खुंटी बसली असती.