संध्याकाळचा शंख

प्रिय आई,

देवाच्या दयेने ब्रिस्बेनमध्ये तुझी लेक आणि नात दोघी ठीक आहोत. तुझा गुडघा काय म्हणतोय?

फेतूला दाखवलं त्या पहिल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फेतू डोळ्यांत बघत नाही, स्वमग्न असेल." मी म्हटलं, "अहो, मोठ्यांसमोर नजर खाली ठेवायला आम्हीच शिकवलंय तिला!" दुसऱ्यांनी कान तपासले. दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलंय, तिला फार कमी ऐकू येतं. छोटंसं ऑपरेशन आहे, घाबरू नकोस.

आठवतं? आपल्या बेटावर, गावात संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला की सगळी पोरं घरात पळायची, ही एकटीच रस्त्यावर खेळत राहायची. प्रार्थनेच्या वेळी कोणी बाहेर राहू नये म्हणून पहारा देणारे काका म्हणायचे, "लोसा, पोरगी द्वाड आहे तुझी!" मग मी आधी ओरडायचे आणि शेवटी थोबाडीत द्यायचे. तू मात्र जाऊन नुसता हात धरायचीस, की ती मुकाट यायची. वर मीच तुला म्हणायचे, "लाडावून ठेवलीस!"

आता मीही लांबून ओरडत नाही. जवळ जाऊन हात पुढे करते.

ती आधी गाल झाकते, आई. मग हात देते.

तुझीच,
लोसा