उंद्रीची सुभद्रा

३ फेब्रुवारी १९६४, सोमवार

शिबिराच्या स्वयंपाकाला मला लावलं नाही! पंगतीच्या पंगती मी एकटीनं उठवल्या आहेत, सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. पण चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "मार्थाबाई, तुम्ही रुग्णापाशी बसा." बसा — आणि मला! माझा पाय घरात ठरत नाही, हे आमच्या ह्यांना विचारा.

मोतीबिंदूचं शिबिर चर्चच्या शाळेत भरलंय. डॉक्टर अकोल्याचे, खाटा, पाणी, जेवण, शुश्रूषा आमच्या मंडळीची. ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. आठवडाभर मान हलवायची नाही, खोकायचं नाही, रडायचं नाही. टाका उसवला की डोळा गेला.

माझ्या वाट्याला जानेफळची तानुबाई. मुलगा इंद्रभान तिला सोडून लगेच परतला, घरी बायकोचे दिवस भरलेत.

४ फेब्रुवारी

म्हातारी खात नाही. काल दूधसुद्धा नाही. "मिशनवाल्याच्या हातचं मले चालत नाई," म्हणाली आणि चक्क उठून बसायला लागली. मी खांदे धरून दाबली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, पुन्हा उठली तर डोळा विसरा.

संध्याकाळी लापशी घेऊन गेले. रागानं दिवसभर तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते, म्हणून आवाज नवा वाटला असेल. विचारते, "कोनाची वं तू?"

"सुभद्रा. उंद्रीची. कुणब्याची हाय, माय."

कुठून सुचलं, देव जाणे. वाटी चाटूनपुसून साफ.

शेजारच्या खाटेवर नूरबी, तिच्याही डोळ्यांवर पट्टी. माझं खरं नाव ती सकाळपासून ऐकतेय. पट्टीखाली तोंडभर हसली.

५ फेब्रुवारी

सगळ्यांना सांगून ठेवलंय, त्या खाटेजवळ मला हाक मारू नका. तरी कुणी "मार्थाबाई" म्हटलं की मी धावत त्यांच्या अंगावर.

संध्याकाळी आमच्या बायकांनी टाळ धरून भजनं म्हटली. म्हातारी खूश. "कोन्या महाराजाचे अभंग हायेत वं हे?"

"हायेत एका महाराजाचे."

नूरबीला हसू आवरेना. मी तिला दरडावलं — तुझाही टाका उसवेल!

६ फेब्रुवारी

म्हातारी बोलकी आहे. सुनेचं तोंड बघायचंय तिला. "लगनात मले काईच दिसलं नाई. सून गोरी का सावळी, ते बी लोकायलेच इचारा लागते." मी म्हटलं, सावळी निघाली तर परत पाठवशील का? म्हणाली, "आता कायची परत धाडतो! मले तिचं नाक तेवढं पाहाचं हाय. लोकं नाकाची लय तारीफ करतात."

मग माझा हात चाचपून धरला. "सुभद्रे, तुह्या हाताले माह्या मायच्या हाताची चव हाय."

इतकं बरं वाटलं! आणि घरी येईपर्यंत जळफळाट. माझ्या आईनं शिकवलेली लापशी, माझे हात — आणि कौतुक कुणाचं? सुभद्रेचं. नसलेल्या बाईचा मत्सर करणारी मीच पहिली असेन.

८ फेब्रुवारी

पाळकसाहेबांना कळलं. रागावले नाहीत, त्यानंच जास्त लागलं. "सेवेत खोटं कसं चालेल, मार्थाबाई?"

मी म्हटलं, आत्ता सांगितलं तर ती उठेल, ओकेल, रडेल. डोळा जाईल. पट्टी सुटल्यावर सांगू.

"म्हणजे डोळा मिळेपर्यंत खोटं, मिळाल्यावर खरं?"

शेवटी म्हणाले, मी मध्ये पडणार नाही, पण सांगायचं तुम्हीच. त्यापेक्षा ओरडले असते तर परवडलं असतं.

९ फेब्रुवारी, रविवार

उपासनेला बसले. एक वाक्य डोक्यात शिरलं नाही.

१० फेब्रुवारी

आज पट्ट्या सोडल्या. मी गेलेच नाही. विहिरीवर भांडी घासत राहिले, घासलेलीच पुन्हा.

म्हातारीचा डोळा छान झाला म्हणे. डॉक्टरांची बोटं बरोबर मोजली. नातू झाल्याची खबर घेऊन इंद्रभान आला होता, तिला घेऊन गेला. जाताना म्हातारी सुभद्रेची सारखी चौकशी करत होती. नूरबीनं सांगून टाकलं, ती गावाले गेली. मग नूरबीच मला शोधत विहिरीपर्यंत आली, काळा चष्मा लावून. "काऊन लपली वं तू? मी तं तुह्या हातचं खाल्लं. मले काई झालं का?"

भित्री आहे मी. एवढा तोंडाळपणा काय कामाचा!

२६ फेब्रुवारी

मेहकरच्या मोटारस्टँडवर म्हातारी दिसली! डोळा दाखवायला आली असणार, सोबत इंद्रभान. बाकावर तिच्या शेजारी जागा होती. मी जाऊन बसले. का, ते विचारू नये.

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. त्याच डोळ्यानं. हातातल्या बांगड्या पाहिल्या, बिनकुंकवाचं कपाळ पाहिलं, आणि मुलाला विचारलं, "मिशनची हाय का रे?" मग बाकावरचं भाकरीचं फडकं उचलून मांडीवर घेतलं.

मी तोंड उघडलं होतं. मिटलं. आवाज ओळखला असता.

चालतच घरी आले. राग आला होता. तिचा नाही, असं लिहिणार होते, पण तिचासुद्धा. आणि तरी सबंध वाट हेच मनात — सुनेचं नाक कसं निघालं, ते विचारायचं राहिलं.

२ मार्च

पुढच्या शिबिराला बायकांची नावं घेताहेत. मी दिलं नाही.

१४ मार्च

तानुबाई दारात! उंद्रीला जाऊन आलेली. तिथे अशी सुभद्रा कुणालाच माहीत नाही. हातात चोळीचा खण. शाळेत चौकशी केली, तर पाळकसाहेबांनी माझं घर दाखवलं, बाकी काही सांगितलं नाही. उंबऱ्याबाहेरूनच विचारत होती, "सुभद्रा कोठी राह्यते, ठाव हाय का वं बाई?"

"बस, माय," मी म्हणाले.

तिनं डोळे मिटून घेतले. "आजून बोल."

मी माझं खरं नाव सांगितलं. म्हातारी उंबरा चाचपत खाली बसली. डोळे मिटलेलेच. पण उठून गेली नाही.